पिकाचा वास आणि किडीची वाट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रांचा रोख एकाच विषयाकडे आहे. पिकाच्या वासामुळे कीड शेतात येते हे कितपत खरे, आणि खरे असल्यास शेतकऱ्याने त्याचा उपयोग कसा करून घ्यावा, असे त्यांतून विचारले आहे. एका पत्राचे उत्तर दुसऱ्या पत्राला पूरक ठरत असल्यामुळे ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या अंगणातील तुळशीवर सकाळच्या वेळी पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या येऊन बसतात. शेजारचे काका म्हणतात की आंब्यात अळ्या करणाऱ्या माश्या त्याच, तेव्हा तुळस कलमांपासून दूर हलवा. तुळशीमुळे आंब्यावरची कीड वाढते का? (देवगड तालुक्यातील एक बागायतदार)

उत्तर : काकांनी माशी अचूक ओळखली आहे; तुळशीला दोष देण्यात मात्र त्यांची गल्लत झाली आहे. आंब्यात आणि पेरूत अळ्या करणाऱ्या फळमाशीचे नर तुळशीकडे ओढले जातात, आणि ही गोष्ट आपणास घरच्या घरी पडताळून पाहता येईल. आंब्याच्या हंगामात सकाळी आठ-नऊच्या सुमारास तुळशीची चार-पाच पाने बोटांनी चुरडून वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवावीत. आसपास फळमाशी असेल, तर थोड्याच वेळात घरमाशीएवढ्या, पाठीवर दोन पिवळे पट्टे असलेल्या माश्या येतात, पानाच्या चुरडलेल्या कडेला सोंड लावतात आणि चाटण्यात इतक्या गुंगून जातात की भिंग अगदी जवळ नेले तरी जागचे हलत नाहीत. भिंगातून त्यांचे बूड पाहावे. मादीच्या बुडाला फळाची साल भोसकून आत अंडी घालण्यासाठी टोकदार नळी असते. तुळशीवर आलेल्या माश्यांचे बूड बोथट व गोलसर आढळेल, कारण आलेले सगळे नर असतात.

त्यांना ओढून आणणारे द्रव्य म्हणजे मिथाईल युजेनॉल. लवंगेला ज्याचा वास असतो त्या युजेनॉलचे हे जवळचे भावंड असून तुळशीच्या पानांतील तेलात ते जातीनुसार कमी-अधिक प्रमाणात असते. फळमाशीला ते ओढून घेते, हा शोध आपल्याच देशात लागला. दिल्लीतील कृषी संशोधन संस्थेला आजही 'पुसा' म्हणतात, ते नाव बिहारमधील पुसा या गावाचे आहे, कारण ती संस्था पूर्वी तेथे होती. तेथील हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञांच्या शेजाऱ्याने डास दूर राहावेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावले, तेव्हा डासांचे काय झाले असेल ते असो, पण फळमाश्यांनी त्याला भंडावून सोडले. हॉवलेट यांनी १९१२ मध्ये या निरीक्षणावर लेख लिहिला, तेलातील द्रव्ये एकेक करून तपासली आणि १९१५ मध्ये मिथाईल युजेनॉल हे त्यातील खरे आकर्षण असल्याचे दाखवून दिले. आज बागांत टांगले जाणारे फळमाशीचे सापळे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'रक्षक' सापळा धरून, त्याच शोधावर उभे आहेत.

नराला या द्रव्याचा एवढा मोह का, याचेही उत्तर पुढे मिळाले. नर ते चाटतो, त्याच्या शरीरात त्याचे रूपांतर होते आणि ते गुदाशयाच्या ग्रंथीत साठून राहते. संध्याकाळी मिलनाच्या वेळी तो हा गंध सोडतो आणि माद्या अशा नराला पसंती देतात. मादीला मात्र तुळशीची ओढ नसते. तिला पिकू लागलेल्या फळाचा वास हवा असतो, कारण तिला अंडी तेथे घालायची असतात. अळी तुळशीवर कधीच वाढत नाही, ती फळात वाढते, आणि पूर्ण वाढ झाली की जमिनीत जाऊन कोष करते. तेव्हा तुळस हलवून काहीही साधणार नाही. कलमाखाली पडून राहिलेली, पिचकलेली फळे रोजच्या रोज गोळा करून खोल पुरणे आणि झाडाखालची माती हलवून कोष उघडे पाडणे, याने माशीची पुढची पिढी कमी होते.

सापळे जरूर लावावेत, पण त्यांची मर्यादा ओळखून. बाग एकाकी असेल किंवा साऱ्या गावाने एकाच वेळी सापळे लावले, तर नरांची संख्या इतकी घटते की माद्यांना जोडीदार मिळत नाही. पॅसिफिक महासागरातील रोटा या लहानशा बेटावर, हे द्रव्य आणि कीटकनाशक मुरवलेले लगद्याचे तुकडे विमानातून टाकून ही माशी पूर्णपणे नाहीशी केल्याचा वृत्तांत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. परंतु बेटाला चारही बाजूंनी समुद्र होता, आणि आपल्या बागेला चारही बाजूंनी शेजाऱ्यांच्या बागा आहेत. एकट्याने चार सापळे टांगले, तर शेजारच्या बागेत मिलन उरकलेली मादी आपल्या आंब्यावर येऊन अंडी घालणारच. आणखी एक सूचना : काकडी, कारली, दोडका यांवरची फळमाशी वेगळी असून तिच्या नराला मिथाईल युजेनॉलचे आकर्षण नसते, त्याला 'क्यू ल्यूर' हे दुसरे गंधद्रव्य लागते. दुकानातून सापळा घेताना आपण कोणत्या पिकासाठी तो नेत आहोत, हे अवश्य सांगावे.

प्रश्न : कीटकाला नाक नसते. मग त्याला वास येतो कसा, आणि शेतातील इतक्या हिरव्या झाडांतून त्याला नेमके आपले झाड कसे सापडते? नववीच्या मुलांनी विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. (बारामती तालुक्यातील एक शिक्षिका)

उत्तर : कीटकाचे नाक त्याच्या डोक्यावर असते. ज्यांना आपण मिशा म्हणतो त्या शृंगिकांवर सूक्ष्म केसांसारखे अवयव असतात, त्यांना अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि हवेतील गंधाचे कण त्यांतून आत शिरून चेतातंतूंपर्यंत पोहोचतात. १९५७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ श्नायडर यांनी पतंगाची शृंगिका विजेच्या सूक्ष्म तारांना जोडून, गंध येताच तिच्यात उमटणारी विद्युत लहर नोंदवली. तेव्हापासून एखादा वास कीटकाला कळतो की नाही, हे शृंगिकेलाच विचारता येऊ लागले.

मुलांच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, आणि त्यांनी तो विचारला याचे मला मनापासून कौतुक वाटते. गवत कापल्यावर जो कच्चा, हिरवा वास दरवळतो, त्यातील द्रव्ये जवळजवळ प्रत्येक वनस्पतीच्या पानांत असतात. मग त्यावरून कोबी कोणता आणि वाटाणा कोणता, हे कसे कळावे? काही कीटकांनी यावर सोपा मार्ग पत्करला आहे : आपल्या झाडाच्या कुळाबाहेर सहसा न सापडणारे एखादे खास द्रव्य ते ओळखतात. त्याचे उदाहरण पुढच्या प्रश्नात येईल. परंतु पुष्कळ कीटक सर्वसामान्य द्रव्यांचेच परस्परांतील प्रमाण ओळखतात. घरोघरी धने, जिरे, लवंग, दालचिनी तीच असतात, तरीही डब्याचे झाकण काढताच हा आपल्या घरचा गोडा मसाला आहे की शेजारचा, हे सुगरणीला कळते, तसेच हे आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात बाकल्यावरील काळ्या माव्यावर प्रयोग झाले. झाडाच्या गंधातील काही द्रव्ये सुटी सुटी दिली असता मावा त्यांपासून दूर गेला, आणि तीच द्रव्ये झाडातल्या प्रमाणात एकत्र दिल्यावर मावा त्यांच्याकडे आला.

वास कळल्यावर तेथवर पोहोचण्याची रीतही वर्गात सांगण्यासारखी आहे. उदबत्तीचा धूर खोलीत सारखा पसरत नाही, त्याचे पदर आणि धागे होतात, मध्ये मोकळी हवा राहते. शेतातील गंधाचेही तसेच असते. पतंगाला गंधाचा धागा लागला की तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पुढे सरकतो, आणि धागा तुटला की पुढे न जाता वाऱ्याला आडवा, डावीकडून उजवीकडे फिरत राहून धागा पुन्हा शोधतो. मुलांना उदबत्ती लावून दाखवावे, लगेच ध्यानात येईल.

प्रश्न : कोबीच्या गड्ड्याला चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या भोके पाडतात. कोबीत मोहरीच्या ओळी लावा, असे सांगितल्यावरून मी लावल्या, पण अळी हटली नाही. मोहरीचा खरोखर उपयोग होतो का? (सातारा जिल्ह्यातील एक शेतकरी)

उत्तर : होतो, मात्र मोहरी केव्हा पेरली आणि नंतर तिचे काय केले, यावर सारे अवलंबून असते.

आधी मोहरीच का, ते पाहू. घरात लोणच्यासाठी किंवा कोशिंबिरीसाठी मोहरी फेसताना काय होते ते आठवावे. कोरड्या मोहरीला वास जवळजवळ नसतोच. पाणी घालून ती वाटू लागले की नाकात झणका जातो आणि डोळ्यांत पाणी उभे राहते. मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा या साऱ्या कुळाच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्ये एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात ठेवलेले असते. पान चावले गेले, की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत तेल तयार होते. झाडाची ही संरक्षणाची तजवीज आहे आणि बहुतेक कीटक तिला घाबरतात. परंतु ज्या थोड्या कीटकांना हे विष पचवता आले, त्यांच्यासाठी तोच झणका अन्नाचा पत्ता ठरला. आम्सटरडॅम येथील फेर्शाफेल्ट यांनी १९१० मध्येच दाखवले होते की कोबीवरील फुलपाखराच्या अळ्या ज्या पानांना एरवी तोंड लावत नाहीत, त्या पानांना मोहरीकुळातील झाडाचा रस किंवा त्यातील गंधकयुक्त द्रव्य लावले तर त्या ती खाऊ लागतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची मादीही याच गंधाच्या मागावर येते आणि पानावर उतरल्यावर पायांनी व शृंगिकांनी चव घेऊन अंडी घालते. कोबी आणि मोहरी शेजारी असतील तर ती मोहरीला पसंती देते.

बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने यावरून केलेली शिफारस अशी : कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात, त्यांतील एक ओळ कोबीच्या लागवडीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी. दोन वेळा पेरण्याचे कारण साधे आहे. मोहरी लवकर फुलते, शेंगा धरते आणि वाळते, आणि कोबी शेतात उभा असताना मोहरीचे कोवळे पान संपले, तर पतंगाला कोबीशिवाय दुसरे ठिकाण उरत नाही. आपल्या पत्रावरून दिसते की आपण सर्व मोहरी कोबीबरोबर एकाच दिवशी पेरली. आपली पहिली अडचण तेथेच झाली असावी.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे आणि पत्रात तिचा उल्लेख नाही. मोहरीवर जमलेल्या अळ्यांचे आपण काय केले? मोहरीवर अंडी घातली गेली, अळ्या वाढल्या, कोष झाले आणि त्यांतून पतंग निघाले, तर त्या ओळी कोबीच्या मधोमध किडीचे पाळणाघर होतात. म्हणून फवारणी करायची ती मोहरीच्या ओळींवर, आणि वेळेवर. कोबीवर करावी लागणारी फवारणी त्यामुळे कमी होते, आणि या पतंगाच्या बाबतीत ते फार मोलाचे आहे, कारण एकामागून एक कीटकनाशके पचवण्यात ही कीड साऱ्या जगात कुप्रसिद्ध आहे. थंड देशांत मोहरीच्या कुळातील पिवळ्या फुलांचे एक तण आढळते. त्याच्या वासावर हाच पतंग भुलतो, अंडी घालतो, आणि त्या पानांतील दुसऱ्या एका द्रव्यामुळे अळ्या जगत नाहीत. तसे झाड सापळ्याला मिळाले तर फवारणीचीही गरज नाही. आपल्या मोहरीत मात्र तो गुण नाही, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवणे भाग आहे.

प्रश्न : टोमॅटोच्या कडेने झेंडू लावला होता. फुले छान आली, पण घाटेअळीने टोमॅटो पोखरले. काहीजण म्हणतात झेंडूच्या वासाने कीड पळते, काहीजण म्हणतात येते. खरे काय? (जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : घाटेअळीचा पतंग झेंडूकडे येतो. पळवण्याची जी गोष्ट आपण ऐकली, ती जमिनीतील सूत्रकृमींबद्दलची असावी. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये त्यांना बाधतात आणि त्याचा फुलांच्या वासाशी काही संबंध नाही. मोठ्या केशरी-पिवळ्या झेंडूच्या गंधातून घाटेअळीच्या मादीला जाणवणारी अनेक द्रव्ये वेगळी केली गेली आहेत. त्यांतले एक फिनाईल-अॅसिटाल्डिहाइड, मधासारख्या गोड वासाचे. रात्री मध शोधणाऱ्या पतंगांच्या ते विशेष ओळखीचे असते. फुलांवर मध प्यायला आलेली मादी तेथेच, कळ्यांवर आणि फुलांवर, अंडी घालते.

म्हणजे टोमॅटोला फुले येतील तेव्हा झेंडूही फुललेला हवा. यासाठी ४० दिवसांचे झेंडूचे रोप आणि २५ दिवसांचे टोमॅटोचे रोप एकाच वेळी लावावे, आणि टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ असावी, अशी शिफारस आहे. फक्त कडेला लावलेला झेंडू मधल्या ओळींच्या फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या पत्रात दोन्ही रोपे सारख्याच वयाची होती असे लिहिले आहे, म्हणजे झेंडू फुलेपर्यंत टोमॅटोवर अंडी पडून गेली असणार. झेंडूवरची अंडी आणि लहान अळ्या नियमितपणे पाहाव्यात, आणि घाटेअळीला रोग आणणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचएनपीव्हीची, फवारणी करायची असेल तर ती अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी करावी, कारण कडक उन्हात त्या विषाणूचा जोर कमी होतो.

प्रश्न : आंबिया बहराची संत्री रंगावर आली की रात्री पतंग येऊन फळाला टोचतात. दिवसा बागेत एक अळी सापडत नाही. कोठून येतात हे? (काटोल तालुक्यातील एक बागायतदार)

उत्तर : आपल्याला अळी सापडत नाही, कारण ती संत्र्यावर नसतेच. या रसशोषक पतंगाची अळी गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढते. संत्र्याकडे येतो तो फक्त पूर्ण वाढलेला पतंग, आणि तोही अंधार पडल्यावर, पिकू लागलेल्या फळाच्या वासाने. इतर पतंगांची सोंड मऊ असते आणि ती फुलातला मध ओढण्यापुरती असते. या पतंगाच्या सोंडेचे टोक मात्र कठीण व काटेरी असते आणि ते संत्र्याची साल सहज भेदते. सकाळी फळावर टाचणीने केल्यासारखे छिद्र दिसते, दाबले की रस येतो, एक-दोन दिवसांत छिद्राभोवतीचा भाग मऊ पडून सडू लागतो आणि फळ गळते. इतक्या लहान छिद्रातून बुरशी शिरून वर्षभराची राखण मातीत जाते, याचे दुःख बागायतदाराशिवाय कोणाला कळणार?

पडलेल्या फळांकडे दुर्लक्ष करणे येथे विशेष महागात पडते. सडलेल्या फळाचा आंबूस वास दूरवर जातो आणि त्यावर दुसऱ्या प्रकारचे पतंगही येतात, जे स्वतः साल भेदू शकत नाहीत पण झालेल्या छिद्रातून रस पितात. म्हणून पडलेली फळे रोज उचलून पुरावीत. बागेच्या कुंपणावर आणि ओढ्याकाठी वाढलेल्या गुळवेली व वासनवेली पावसाळ्यातच काढाव्यात. गुळवेल औषधी असल्याने अनेकजण ती मुद्दाम राखतात, त्यांनी ती निदान संत्र्याच्या बागेच्या कडेला राखू नये. संध्याकाळी बागेत ओलसर काडीकचऱ्याचा धूर करण्याची जी जुनी रीत आहे, तिला आधार आहे : धुरात फळाचा वास हरवतो आणि पतंगाला दिशा लागत नाही. वारा सुटलेल्या रात्री मात्र धुरावर विसंबू नये. गूळ, फळांचा रस आणि थोडे व्हिनेगर यांत शिफारस केलेले कीटकनाशक मिसळून पसरट भांड्यांतून आमिष ठेवण्याचीही पद्धत आहे. ती भांडी मुले आणि गुरे पोहोचणार नाहीत अशीच ठेवावीत.

प्रश्न : कापसात लावतो ते कामगंध सापळे पिकाच्या वासावर चालतात का? गुलाबी बोंडअळीचे पतंग सापळ्यात भरपूर पडतात, तरी बोंडे किडतात. (यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी)

उत्तर : नाही. कामगंध हा मादी पतंगाने नराला बोलावण्यासाठी सोडलेला गंध असतो, पिकाचा त्यात वाटा नसतो. असा गंध पहिल्यांदा ओळखला तो जर्मनीतील बुटेनांट यांनी १९५९ मध्ये, रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून. गुलाबी बोंडअळीचा गंध १९७३ मध्ये ओळखला गेला आणि आपण सापळ्यात लावतो त्या ल्यूरमध्ये, म्हणजे गंधाच्या आमिषात, तोच असतो.

सापळ्यात पडतात ते नर. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. मोजके सापळे लावून कीड संपत नाही, किती आली आहे ते मात्र कळते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग पडले, तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजावे, अशी शिफारस आहे. म्हणून सापळा लावून विसरून जाऊ नये, रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहावेत, आणि ल्यूर मुदतीत बदलावा.

प्रश्न : माडाच्या झावळ्या साफ केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत दोन माड सोंड्या भुंग्याने गेले. झावळ्या काढण्याचा आणि भुंग्याचा काही संबंध आहे का? (पेडणे, गोवा येथील एक वाचक)

उत्तर : आहे, आणि थेट आहे. माडाच्या ताज्या जखमेतून झिरपणारा रस आंबू लागला की त्याचा वास लाल सोंड्या भुंग्याला खेचतो. मादी जखमेच्या मऊ भागात अंडी घालते आणि अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून कळेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. हिरवी झावळी काढावीच लागली तर खोडालगत कधीही तोडू नये, देठाचा निदान १२० सेंटीमीटर भाग ठेवून तोडावी, म्हणजे जखम खोडापासून दूर राहते. खोडाला पायऱ्यांच्या खाचा पाडू नयेत. जखम झालीच तर लगेच डांबर लावून बुजवावी. गेंडा भुंग्याने पाडलेली भोकेही सोंड्याला अशीच वाट करून देतात, त्यामुळे शेणखताचे खड्डे, जेथे गेंडा भुंगा वाढतो, माडांपासून दूर ठेवून वरचेवर उपसावेत. पोखरून मेलेले माड उभे ठेवू नयेत.

प्रश्न : वासाने कीड येते, तसा वासाने किडीचा शत्रूही येतो का? मक्यावर लष्करी अळी आल्यापासून हा विचार मनात आहे. (सिल्लोड तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : येतो, आणि हा विषय मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण झाड मुकाट्याने खाऊन घेत नाही हे त्यातून कळते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील गेन्सव्हिल येथे टर्लिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा होता : मक्याची काही रोपे अळ्यांना खायला दिली, काहींची पाने नुसती खरवडली, आणि काहींच्या खरवडलेल्या जागी अळीच्या तोंडातील लाळ लावली. नुसत्या खरवडलेल्या रोपाने फारसा गंध सोडला नाही. अळीने खाल्लेल्या आणि लाळ लावलेल्या रोपांनी काही तासांनी वेगळाच, उग्र गंध सोडला, आणि अळीच्या अंगात अंडी घालणारी एक लहान परजीवी माशी त्या गंधाकडे उडत आली. पुढे असेही आढळले की एका पानाला इजा झाली तरी रोपाची न दुखावलेली पानेही तो गंध सोडू लागतात. अळीच्या लाळेतील ज्या द्रव्यामुळे मक्याला हे कळते, ते १९९७ मध्ये ओळखले गेले. आपल्या मक्याच्या पोंग्यात अळी कुरतडत असते तेव्हा झाडाची हाक वाऱ्यावर जात असते. पण पेरणीपासूनच सरसकट जहाल फवारण्या झाल्या असतील, तर ती ऐकून येणारे मित्रकीटक शेतात शिल्लक राहत नाहीत. २०१८ मध्ये ही लष्करी अळी भारतात आल्यानंतर घाबरून केलेल्या फवारण्यांत अशा किती माश्या गेल्या असतील, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

दोन्ही गोष्टी, म्हणजे किडीला ओढणे आणि हटवणे, एकाच शेतात केनियात साधल्या आहेत. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय कीटकविज्ञान केंद्राने रॉथमस्टेडच्या मदतीने व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातील लहान शेतकऱ्यांसाठी ही रीत बसवली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल चारापीक लावतात, त्याचा वास खोडकिड्याच्या पतंगाला नको असतो; आणि शेताच्या चारही बाजूंनी नेपियर गवत लावतात, त्याचा वास त्याला मक्यापेक्षा अधिक आवडतो. पतंग बांधावरच्या नेपियरवर अंडी घालतो. अळ्या देठात शिरू लागल्या की नेपियर चिकट रस सोडते आणि बहुतेक अळ्या त्यात अडकून मरतात. आपल्याकडे ज्वारीत पोंगेमर करणारा खोडकिडा याच कीटकांपैकी एक आहे, आणि नेपियर तर दुभत्या जनावरांसाठी आपल्या कित्येक बांधांवर आधीपासून उभे आहे.

हे गवत पतंगाला इतके का ओढते, हे तपासताना त्याने सोडलेला गंध दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना मोजला गेला. अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या तासात नेपियरचा हिरवा गंध सुमारे शंभरपट वाढतो, तर मका आणि ज्वारीचा दहापटीपर्यंतच, आणि खोडकिड्याच्या माद्या अंडी घालण्यासाठी जागा शोधत फिरतात त्याही नेमक्या याच वेळी. नेपियर आपल्या बांधावर असेल, तर दिवे लागणीनंतर हातात बॅटरी घेऊन एक चक्कर मारावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गवताच्या पानांवर खोडकिड्याच्या अंड्यांचे चपटे, खवल्यांसारखे एकावर एक रचलेले पुंजके दिसतात का ते पाहावे. आढळले तर पुढच्या पत्रात तारखेसह कळवावे.